चिठ्ठी जुनी का होते?

१७ मेला जागतिक उच्च रक्तदाब दिन येतो, १४ नोव्हेंबरला मधुमेह दिन. दोन्ही दिवशी गावोगावच्या सभागृहांत एकच भाषण होते. आपले लोक औषधांच्या बाबतीत बेफिकीर आहेत, हा त्याचा पहिला चरण. दुसरा असा, की डॉक्टरांनी एकदा चिठ्ठी लिहून दिली की हे लोक तीच चिठ्ठी वर्षानुवर्षे मेडिकलच्या काउंटरवर फिरवतात, पुन्हा दाखवायला येत नाहीत, चार पैशांची फी वाचवतात आणि शेवटी मूत्रपिंड घालवून बसतात. तिसऱ्या चरणात मेडिकलवाल्याचा उद्धार: त्याला गल्ला भरण्याशी मतलब, चिठ्ठीवरची तारीख बघतो कोण? समारोपाला परदेशातल्या शिस्तीचे गोडवे. श्रोते माना डोलावतात. त्यांतल्या कित्येकांच्या खिशात तीच जुनी चिठ्ठी घडी करून ठेवलेली असते, ही गोष्ट वेगळी.

हे मत आता इतके मुरले आहे की ते तपासून बघावे असे कुणाला वाटतच नाही. वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवण्या ते छापतात, दवाखान्यांच्या भिंतींवर त्याच्या पाट्या लागतात, आणि पुण्या-मुंबईत नोकरी करणारी मुले फोनवरून आईवडिलांना तेच ऐकवतात. मात्र रक्तदाबाची एकच गोळी सहा-सहा वर्षे घेणाऱ्या माणसाने दर महिन्याला नवी चिठ्ठी आणायची कुठून आणि कशी, याची सोय कुणी केली आहे, हे या भाषणात कधीच येत नाही.

ती बदनाम चिठ्ठी जरा जवळून बघावी. घड्यांवर ती फाटलेली असते, म्हणून मागून चिकटपट्टी लावलेली. काही घरांत तिला लॅमिनेशन करून घेतात. वर डॉक्टरांचे नाव, पदव्या, दवाखान्याची वेळ, ‘रविवारी बंद’. खाली टेल्मिसार्टन ४०, मेटफॉर्मिन ५००, पुढे १-०-१ अशा खुणा आणि शेवटी ‘३० दिवस’ किंवा नुसतेच ‘कंटिन्यू’. तीस दिवसांनंतर काय करायचे, ते कुठेही लिहिलेले नसते. रक्ताची कोणती तपासणी कधी करायची, तेही नसते. ज्यांच्याकडे हा कागदसुद्धा उरलेला नाही ते रिकामी स्ट्रिप घेऊन येतात आणि ‘हीच द्या’ म्हणतात. मेडिकलवाला कात्रीने दहाच्या स्ट्रिपमधल्या सहा गोळ्या कापून देतो आणि एक्स्पायरीची तारीख छापलेला तुकडा नेमका त्याच्याच डब्यात राहतो. हे दृश्य चांगले आहे असे कुणीच म्हणणार नाही. पण ते कुणी घडवले?

‘चार पैशांची फी’ हा शब्दप्रयोग करणाऱ्यांनी एकदा कागद-पेन्सिल घेऊन बसावे. वाडीवरून तालुक्याला जायचे तर एसटीचे भाडे, तेही दोघांचे, कारण सत्तरीच्या माणसाला एकटे कुणी पाठवत नाही. सोबत येणाऱ्या मुलाचा रोज बुडतो. नंबर सकाळी लावायचा आणि आत जायला दुपार व्हायची. आत गेल्यावर काय होते? डॉक्टर बीपी बघतात, ‘काही त्रास?’ विचारतात आणि ‘तेच चालू ठेवा’ म्हणतात. बस्स. देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के खर्च लोक थेट स्वतःच्या खिशातून करतात, असे २०२१-२२चे राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात. एवढे खिशातून घालणाऱ्याला कंजूष म्हणायचे? ‘चालू ठेवा’ हे दोन शब्द ऐकायला अख्खा दिवस आणि दोघांची मजुरी घालवायची नाही, एवढाच हिशेब तो करतो. कुठलाही शहाणा दुकानदार त्याच्या जागी असता तर त्याने हेच केले असते, आणि त्याला लोकांनी व्यवहारी म्हटले असते.

मग येतो कायद्याचा बडगा. जुन्या चिठ्ठीवर औषध घेणे-देणे बेकायदा आहे, असे ठणकावून सांगितले जाते. देणे बेकायदा आहे खरे, पण सांगणाऱ्यांनी तो नियम शेवटपर्यंत वाचलेला दिसत नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४०चा, त्याखालचे नियम १९४५चे. त्यांतला ६५वा नियम म्हणतो, की एका चिठ्ठीवर एकापेक्षा अधिक वेळा औषध देता येणार नाही. आणि तिथेच, त्याच वाक्यात, पुढे म्हणतो की डॉक्टरांनी चिठ्ठीवर तसे लिहिले असेल तर देता येईल. किती वेळा द्यायचे, किती अंतराने द्यायचे, हे डॉक्टरांनी लिहावे आणि औषधविक्रेत्याने त्याबाहेर जाऊ नये. प्रत्येक वेळी औषध देताना विक्रेत्याने डॉक्टरांच्या सहीच्या वर आपल्या दुकानाचे नाव, पत्ता आणि तारीख टाकावी. म्हणजे पुन्हा पुन्हा लागणाऱ्या औषधाची रीतसर, सुटसुटीत पद्धत आपल्या नियमपुस्तकात कित्येक दशके लिहून ठेवलेली आहे. ‘दर महिन्याला, सहा वेळा द्यावे’ एवढे लिहिले की तीच चिठ्ठी सहा महिने पूर्ण कायदेशीर.

हे लिहिणारे डॉक्टर किती आढळतात? आणि चिठ्ठीवर सहीच्या वर तारखेचा शिक्का मारणारे मेडिकल? भिंतीवर ‘जुनी चिठ्ठी चालणार नाही’ असे लिहायला रंग लागतो, पाटी लागते, पेंटर लागतो. चिठ्ठीवर ‘सहा वेळा’ लिहायला हातातलेच पेन पुरते. तरी पाटी लागते आणि दोन शब्द मात्र लिहिले जात नाहीत, याला बेफिकिरी म्हणायचे नाही, कारण ती रुग्णाची नाही.

लांब मुदतीची चिठ्ठी लिहिणे वैद्यकीयदृष्ट्या अयोग्य आहे, असाही एक युक्तिवाद ऐकू येतो. त्याचे उत्तर डॉक्टरांच्याच दवाखान्यात सापडते. ठाण्याच्या आजी लंडनला मुलाकडे सहा महिने राहायला निघाल्या की हेच डॉक्टर सहा महिन्यांच्या गोळ्या लिहून देतात, वर विमानतळावर दाखवायला लेटरहेडवर पत्रही देतात. तेव्हा रक्ततपासणीची चिंता आड येत नाही. आजी लंडनऐवजी लातूरला धाकट्या मुलाकडे निघाल्या असत्या, तर त्याच गोळ्या तीसच दिवसांच्या मिळाल्या असत्या. असे कोणते औषध आहे जे हीथ्रोला उतरल्यावर सुरक्षित होते?

आता भाषणकर्त्यांच्या सर्वांत वजनदार मुद्द्याकडे वळायला हवे. तपासणीशिवाय वर्षानुवर्षे औषध घेत राहणे धोक्याचे आहे, हे अगदी खरे. टेल्मिसार्टन घेणाऱ्याचे क्रिएटिनिन आणि पोटॅशियम अधूनमधून बघावे लागते. मेटफॉर्मिन बरीच वर्षे घेतली की काही जणांचे बी-१२ कमी होते, पायाला मुंग्या येतात आणि ‘शुगरमुळे असेल’ म्हणून त्या खपवल्या जातात. वय वाढते, मूत्रपिंडाचे काम मंदावते, ग्लिमेपिराइडचा डोस मात्र दहा वर्षांपूर्वीचाच राहतो. मग एखाद्या पहाटे घामाने चिंब झालेला म्हातारा उठता उठत नाही. थायरॉइडच्या गोळीला टीएसएचची तपासणी लागते. रक्त पातळ ठेवणाऱ्या अ‍ॅसिट्रोमला तर आयएनआरची वारंवार तपासणी हवीच. तिथे सहा महिन्यांची चिठ्ठी देऊच नये.

सगळे कबूल. पण यातून निघते काय? तपासणी व्हावी, हे निघते. दर महिन्याला नवी तारीख घातलेला कागद आणावा, हे निघत नाही. दर महिन्याला दाखवूनही ज्यांचे क्रिएटिनिन तीन वर्षांत एकदाही झालेले नाही अशी माणसे प्रत्येक गावात आहेत. त्यांच्या फायलीत चिठ्ठ्यांचा गठ्ठा आहे, सगळ्या ताज्या. आणखी एक नेहमीचा प्रकार घ्या. बीपीचे डॉक्टर टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारी गोळी लिहितात. गुडघे दुखतात म्हणून तोच माणूस हाडांच्या डॉक्टरांकडे जातो, ते एटोरिकॉक्सिब किंवा डायक्लोफेनॅक लिहितात. ही तिन्ही औषधे एकत्र आली की मूत्रपिंडावर ताण पडतो, हे वैद्यकीय शिक्षणात शिकवलेले असते. दोन्ही चिठ्ठ्या याच आठवड्यातल्या. दोन्हींवर सही, शिक्का, तारीख. कायद्याची एकही ओळ मोडलेली नाही आणि मूत्रपिंड मात्र दोन ताज्या चिठ्ठ्यांच्या मध्ये सापडलेले. इथे धोका जुन्या कागदाचा नव्हता. सगळी औषधे एकत्र मांडून बघणारे कुणी नव्हते, धोका तिथे होता.

उलट बाजूचा धोका भाषणात औषधालाही येत नाही. गोळ्या संपल्या, डॉक्टर गावाला गेलेत, दवाखान्याला कुलूप. पाटी प्रमाण मानणाऱ्या आज्ञाधारक रुग्णाने काय करावे? फिट्सची गोळी एकाएकी थांबवली तर फिट येऊ शकते. बीटा ब्लॉकर एकदम बंद केले तर छातीत दुखणे उसळून येऊ शकते. नुकताच स्टेंट बसवलेल्या माणसाने क्लोपिडोग्रेल सोडणे म्हणजे जिवाशी खेळ. महिनोन्महिने स्टिरॉइड घेणाऱ्याने ते अचानक बंद करू नये, हे तर त्याला पहिल्या दिवशीच बजावलेले असते. अशा रविवारी जुनी चिठ्ठी बघून दहा गोळ्या देणारा मेडिकलवाला कागदोपत्री गुन्हेगार ठरतो. ब्रिटनमध्ये अशा वेळी फार्मसिस्टला तातडीचा पुरवठा करण्याची कायदेशीर मुभा आहे.

या सगळ्यात अँटिबायोटिकची भीती घालून आणखी एक घोळ केला जातो. ‘जुन्या चिठ्ठ्यांमुळेच जंतू औषधांना दाद देत नाहीत’ असे म्हणत रक्तदाबाच्या आजोबांनाही त्याच पिंजऱ्यात उभे केले जाते. कायद्याला हा फरक कळतो. २०१३ साली अधिसूचना काढून आणि १ मार्च २०१४पासून अमलात आणून सरकारने ‘एच-१’ हे वेगळे परिशिष्ट केले; काही प्रबळ अँटिबायोटिक्स, क्षयरोगाची औषधे, सवय लावणाऱ्या काही गोळ्या त्यात टाकल्या आणि त्यांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही तीन वर्षे जपून ठेवायला सांगितली. सर्दीसाठी मागच्या वर्षीच्या चिठ्ठीवर अझिथ्रोमायसिन मागणारा तरुण आणि सहा वर्षे रोज सकाळी एकच अ‍ॅम्लोडिपिन घेणाऱ्या आजीबाई, या दोघांना एकच उपदेश करणाऱ्याला दोघांचेही आजार कळलेले नाहीत.

मेडिकलवाल्याची बाजू घ्यावी तर ती पूर्ण घेता येत नाही. फार्मसी कायदा १९४८चा आहे. चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मसिस्टनेच द्यायचे, हे त्यात स्पष्ट आहे. तरी भिंतीवर एकाचे सर्टिफिकेट भाड्याने टांगायचे आणि काउंटरवर दुसऱ्याच पोराने औषधे काढून द्यायची, ही रीत महाराष्ट्राला नवी नाही. चिठ्ठीवरचा ब्रँड बदलून दुसरा देऊ नये असेही नियम ६५ सांगतो. ‘तेच आहे, कंपनी वेगळी’ म्हणत गोळी बदलली जाते; घरी आधीची पांढरी गोळी शिल्लक असते, नवी गुलाबी असते, आणि आजी बिचाऱ्या दोन्ही घेतात. २०१२-१३च्या सुमारास अन्न व औषध प्रशासनाचे तेव्हाचे आयुक्त महेश झगडे यांनी फार्मसिस्ट आणि चिठ्ठी या दोन गोष्टींवर राज्यभर कडक मोहीम चालवली. विक्रेत्यांनी बंद पुकारले, मोर्चे काढले, परवाने परत करण्याच्या धमक्या दिल्या. ती मोहीम योग्यच होती. पण तिचा सगळा रोख दुकानावर होता. चिठ्ठी लिहायची कशी, तिच्यावर मुदत आणि तपासणी टाकायची की नाही, याला कुणी हात लावला नाही, कारण डॉक्टर अन्न व औषध प्रशासनाच्या अखत्यारीत येत नाहीत. तपासणीला आलेला इन्स्पेक्टर ‘सहा वेळा’ न लिहिणाऱ्या डॉक्टरांना काय विचारणार?

राहता राहिली परदेशी शिस्त. ‘तिकडे चिठ्ठीशिवाय गोळी मिळत नाही’ हे वाक्य भाषणात हमखास असते. अर्धे खरे आहे. इंग्लंडमध्ये कायमची औषधे घेणाऱ्याची यादी त्याच्या जीपीच्या, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरांच्या, दवाखान्यात नोंदवलेली असते. गोळ्या संपत आल्या की रुग्ण एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेच्या अ‍ॅपवर खूण करतो, किंवा मागच्या चिठ्ठीचा उजवीकडचा भाग फाडून दवाखान्याच्या पेटीत टाकतो. साधारण दोन कामाच्या दिवसांत डॉक्टर ती मागणी मंजूर करतात आणि चिठ्ठी रुग्णाने नेमून दिलेल्या दुकानात इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पोहोचते. डॉक्टरांसमोर जाऊन बसायचे नाही, फी नाही. प्रकृती स्थिर असेल तर वर्षभराच्या चिठ्ठ्या एकदम मंजूर करून ठेवता येतात. मग दर खेपेला फार्मसिस्टच विचारतो: मध्ये दुसऱ्या कुणाला दाखवले का, नवे औषध सुरू झाले का, काही त्रास, यातले काही नको आहे का? तिथे औषधाचे शुल्क एका औषधाला ९.९० पौंड आहे. साठी ओलांडलेल्यांना माफ, मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांना माफ. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये सगळ्यांनाच माफ.

यात रुग्णाची शिस्त कुठे आहे? तो घरी बसून बटण दाबतो. शिस्त दवाखान्याच्या नोंदीला आहे, पुढच्या तपासणीच्या तारखेला आहे, फार्मसिस्टच्या चार प्रश्नांना आहे. आपल्या भाषणकर्त्यांना त्यातली फक्त ‘चिठ्ठीशिवाय नाही’ ही पाटी दिसते.

तिकडे सगळे आलबेल आहे असेही नाही. औषधांचे तुटवडे पडतात, गल्लीतली दुकाने बंद होत आहेत. डोळे मिटून तीच यादी पुढे ढकलण्याचा रोग तिथेही आहे: इंग्लंडचे तेव्हाचे मुख्य औषधनिर्माण अधिकारी कीथ रिज यांच्या २०२१च्या अहवालाने प्राथमिक सेवेत लिहिल्या जाणाऱ्या औषधांपैकी निदान दहा टक्के अनावश्यक असू शकतात, असे म्हटले. त्यावर उपाय म्हणून त्यांनी रुग्णांना दमदाटी सुचवली नाही. औषधांचा नीट फेरआढावा घ्या, त्यासाठी फार्मसिस्टना कामाला लावा, असे सुचवले.

‘हे आपल्याकडे शक्य नाही’ म्हणणाऱ्यांनी लंडनला जायची गरज नाही, साताऱ्याला जावे. २०१७ साली सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातले सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे जिल्हे पहिल्या टप्प्यात होते. मोजकी, ठरलेली औषधे, प्रत्येक रुग्णाची नोंद, एका वेळी तीस दिवसांच्या गोळ्या आणि औषध घराजवळच्या केंद्रावर, असे त्याचे साधे स्वरूप. खंड पडलेल्या रुग्णाला कर्मचारी फोन करतात किंवा घरी जाऊन गाठतात. २०२२ साली या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणेचा पुरस्कार मिळाला. वर्ध्याचा शेतमजूर आणि कणकवलीची मच्छी विकणारी बाई एकाएकी शिस्तप्रिय झाली म्हणून हे घडले काय? केंद्र सरकारच्या मार्च २०२०च्या दूरवैद्यक मार्गदर्शक सूचनांतही तरतूद आहे: सहा महिन्यांच्या आत प्रत्यक्ष भेट झालेली असेल, तर त्याच आजाराचे चालू औषध डॉक्टरांना दूरवरूनच पुन्हा लिहून देता येते. खासगी दवाखान्यांच्या किती भिंतींवर ही माहिती लावलेली दिसते?

देशात मधुमेही १० कोटींच्या पुढे गेले आहेत, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंडियाब’ पाहणीत दिसते. यांतल्या प्रत्येकाने दर महिन्याला नव्या तारखेच्या चिठ्ठीसाठी रांगेत उभे राहावे, असे ज्यांना खरोखर वाटते त्यांनी आधी तेवढे दवाखाने आणि तेवढे डॉक्टर दाखवावेत.

मागणी फार मोठी नाही. कायमच्या औषधांच्या चिठ्ठीवर तीन ओळी सक्तीच्या कराव्यात: हे औषध किती वेळा द्यायचे, त्याआधी कोणती रक्ततपासणी, आणि पुन्हा दाखवायचे कधी. ‘किती वेळा’चा नियम आधीच आहे. महाराष्ट्र वैद्यक परिषदेने नोंदणीकृत डॉक्टरांना त्याची आठवण करून देणारे एक परिपत्रक काढावे. मेडिकलवाल्याने प्रत्येक खेपेला चिठ्ठीवर तारीख टाकावी आणि तपासणीची मुदत उलटली असेल तर थोड्याच गोळ्या देऊन रुग्णाला डॉक्टरांकडे पाठवावे. एवढे झाल्यावरही कुणी सहा वर्षांपूर्वीचा कागद पुढे केला, तर खुशाल त्याला बोल लावावा.

महिन्याची गर्दी कमी होऊन फी बुडेल अशी भीती असेल, तर ती स्पष्ट बोलून दाखवावी. रुग्णाच्या काळजीचा शेला तिच्यावर पांघरू नये. वर्षातून दोनदा नीट तपासा, सगळ्या डॉक्टरांच्या गोळ्या टेबलावर मांडून बघा, नको त्या बंद करा, आणि त्या दोन भेटींची फी हवी तर दुप्पट घ्या. पण ‘चालू ठेवा’ एवढे ऐकवायला दर महिन्याला माणसाला तालुक्याला बोलावू नका, आणि तो आला नाही म्हणून त्याला बेफिकीरही म्हणू नका.